हाताच्या अंतरावरची नजर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधली की नाही, याचा निकाल आपल्याकडे सहा मीटरवरच्या तक्त्यावर लागतो. एक डोळा झाकून माणूस एकेक ओळ वाचत खाली येतो आणि केसपेपरवर ६/९ किंवा ६/६ असा आकडा पडतो. हा आकडा खरा असतो, मोलाचाही असतो. पण लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातल्या साठीच्या बाईचा दिवस सहा मीटरवर जात नाही. डाळीतले खडे, सुईचे नेढे, वाकळेचा टाका, इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा, औषधाच्या पट्टीवरची तारीख, मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज, ‘परमरहस्य’ किंवा ज्ञानेश्वरीची ओवी, हे सारे तिच्या हाताच्या अंतरात असते. तिथे तिला काय दिसते, किती सहज दिसते आणि डोळे न शिणता किती वेळ दिसते, याची नोंद क्वचितच होते. मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यानंतरचे हे जवळचे दिसणे आणि त्यातला डोळ्याचा आराम, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

तो आज मांडायचे कारण उघड आहे. एके काळी भिंग कोणते बसवायचे हा प्रश्न रुग्णापुढे येतच नसे. शिबिरात जे मिळे ते बसे, आणि दिसू लागल्याचा आनंद इतका मोठा असे की पुढचे कोणी विचारत नसे. आज चाकूरचा माणूस लातूर, उदगीर किंवा नांदेडला दाखवायला गेला की त्याच्यासमोर भिंगांची यादी येते: साधे, घडीचे, मल्टिफोकल, ट्रायफोकल, टॉरिक, देशी, परदेशी. प्रत्येकापुढे किंमत असते. पुण्यातला मुलगा फोनवरून विचारतो, “यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?” आणि पैशाची ऐपत पाहून पाच मिनिटांत निर्णय होतो. ज्या भिंगातून उरलेले सारे आयुष्य पाहायचे, त्याची निवड अशी व्हावी हे मला पटत नाही. सगळ्यांसाठी सगळ्यात चांगले असे भिंग अजून कोणी बनवलेले नाही. माणसाचे काम कोणते, ते किती अंतरावर चालते आणि कोणत्या उजेडात चालते, हे आधी विचारावे. भिंग त्यानंतर ठरवावे आणि किंमत शेवटी. पुढच्या सगळ्या पानांतून मला एवढेच सांगायचे आहे.

त्यासाठी डोळ्याची रचना थोडी समजून घ्यावी लागते. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर; चष्म्याचा नंबर मोजतात तेच हे एकक. तिचा मोठा वाटा, सुमारे ४३ डायॉप्टर, समोरच्या पारदर्शक बुबुळाचा असतो आणि उरलेले काम आतले नैसर्गिक भिंग करते. तरुणपणी हे भिंग लवचिक असते. जवळ पाहताना ते फुगते, लांब पाहताना चपटे होते, आणि हे इतके आपसूक घडते की आपल्याला पत्ताही लागत नाही. वयाबरोबर ते ताठर होत जाते. चाळिशीनंतर पेपर हात लांब करून धरावा लागतो तो त्यामुळे. पुढे तेच भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत हे गढूळ भिंग काढतात, त्याची पातळ पिशवी मात्र जागेवर ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. हे नवे भिंग स्वच्छ असते, पण आकार बदलत नाही. ते ज्या अंतरासाठी बसवले तेच अंतर स्पष्ट दिसते. म्हणून शस्त्रक्रियेने गढूळपणा जातो. विशीतले जवळ-लांब पाहण्याचे कसब मात्र परत येत नाही. “ऑपरेशन झालं, मग वाचायला चष्मा कशाला?” या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

दोन प्रकारच्या माणसांना ही गोष्ट विशेष जाणवते. काहींच्या मोतीबिंदूत भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, डोळ्याला उणे नंबर येतो आणि सत्तरीचे आजोबा एकाएकी चष्म्याशिवाय पोथी वाचू लागतात. घरच्यांना वाटते, नजर सुधारली. प्रत्यक्षात तो मोतीबिंदू वाढत असल्याचा पुरावा असतो. दुसरे म्हणजे लहानपणापासून लांबचा चष्मा असलेले, आणि वाचताना तो डोक्यावर सरकवणारे. या दोघांच्याही डोळ्यांत लांबच्या नजरेचे भिंग बसवले की लांबचे लख्ख दिसते आणि बिनचष्म्याचे वाचन संपते. तक्त्यावर ६/६ येते, तरी माणूस म्हणतो, “माझं काहीतरी हरवलं.” त्याचे म्हणणे खरेच असते. हे आधी सांगितले असते तर त्याने कदाचित वेगळी निवड केली असती.

या भिंगापर्यंतचा प्रवास मोठा आहे. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेल्या पद्धतीत गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारीत. पुढे ते बाहेर काढता येऊ लागले, पण त्या जागी ठेवायला काही नव्हते. म्हणून दहा-बारा नंबरचे जाड चष्मे आले. त्यांतून वस्तू पाव पट मोठी दिसे, कडेचे दिसत नसे, आणि पायरी नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुके. आपल्या आजी-आजोबांच्या जुन्या फोटोंत हे चष्मे आजही पाहायला मिळतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांच्या ॲक्रिलिकच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत गेल्या होत्या, आणि त्या तिथे फारसा दाह न करता राहिल्या होत्या. हे निरीक्षण रिडलींच्या उपयोगी पडले. मात्र पहिल्या भिंगाच्या ताकदीचा हिशेब बराच चुकला आणि रुग्णाला मोठा उणे नंबर आला. भिंग चांगले असून भागत नाही, मापही बरोबर लागते, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता.

आपल्याकडे ही भिंगे सामान्य माणसापर्यंत पोहोचायला नव्वदचे दशक उजाडले. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६चा. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता, आणि या काळात भिंगासह शस्त्रक्रियेचा प्रसार झपाट्याने झाला. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारात ‘ऑरोलॅब’ उभी राहिली आणि आयात केलेल्या भिंगांच्या मानाने अगदी थोड्या किमतीत देशी भिंगे मिळू लागली. लातूर जिल्ह्याने या कामाला माणूसही दिला. चाकूरला लागून असलेल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत लाखावर शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उदगीरचे उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय या भागातल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना ठाऊक आहे. या सगळ्यांनी अंधार हटवण्याचे पहिले मोठे काम केले. त्याच कामाचा पुढचा टप्पा म्हणून जवळच्या नजरेकडे पाहिले पाहिजे.

आता भिंगांविषयी. सर्वाधिक वापरले जाते ते एकाच अंतराचे, म्हणजे मोनोफोकल. ते बहुधा लांबच्या नजरेसाठी बसवतात. डोळ्यात येणारा सारा प्रकाश एकाच अंतराच्या कामी येत असल्याने चित्र ठसठशीत दिसते, काळे-पांढरे नीट वेगळे होते, आणि रात्रीच्या दिव्यांभोवती वलये कमी दिसतात. बदल्यात ४० सेंटीमीटरवरचे, म्हणजे दोन वितींच्या थोडे आतले वाचायला सुमारे अडीच नंबरचा चष्मा लागतो. हे भिंग दुय्यम आहे असा समज यादीतल्या किमतीमुळे पसरतो, आणि तो चुकीचा आहे. चष्मा लावायची तयारी असलेल्या माणसासाठी दिसण्याच्या दर्जात त्याच्यापेक्षा सरस भिंग नाही.

हेच साधे भिंग वेगळ्या हिशेबानेही बसवता येते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. जो माणूस दिवसभर शिवणकाम करतो, सोन्याचे बारीक काम करतो किंवा तासन्तास वाचतो, त्याच्या डोळ्यांत मुद्दाम जवळच्या अंतराचे भिंग बसवता येते. मग कामाला चष्मा लागत नाही, घराबाहेर पडताना लांबचा लावावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे एक डोळा लांबसाठी आणि दुसरा पाऊण ते दीड डायॉप्टरने जवळ ठेवणे. मेंदू दोन्ही चित्रे जुळवून घेतो आणि बरीचशी कामे चष्म्यावाचून होतात. मात्र हे सगळ्यांना मानवत नाही. काहींना अंतराचा अंदाज बिनसल्यासारखा वाटतो, बारीक अक्षराला चष्मा लागतोच. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चाचणीची भिंगे लावून आधी अनुभव घ्यावा. यासाठी भिंगाचे पैसे जास्त पडत नाहीत, डॉक्टरांचा वेळ आणि रुग्णाशी झालेले बोलणे तेवढे जास्त लागते.

मल्टिफोकल भिंगे प्रकाशाची वाटणी करतात. विहिरीचे पाणी एकाच पाटाने सोडले तर शेताच्या टोकापर्यंत जोराने जाते. तेच तीन पाटांत फोडले तर तिन्ही वाफे भिजतात, पण प्रत्येकाची धार बारीक होते. दोन अंतरांच्या, समान वाटणीच्या डिफ्रॅक्टिव्ह भिंगात सुमारे ४१ टक्के प्रकाश लांबसाठी, तितकाच जवळसाठी जातो आणि जवळपास १८ टक्के कोणत्याच कामी येत नाही. ट्रायफोकल भिंगात लांब, साठ ते ऐंशी सेंटीमीटरवरचे मधले आणि ४० सेंटीमीटरवरचे जवळचे अशी तीन अंतरे मिळतात. ज्यांना ही भिंगे मानवतात ते पेपर, मोबाइल, स्वयंपाक, दुकानातला तराजू हे सगळे चष्म्याशिवाय पाहतात आणि समाधानी असतात. हे सुख खरे आहे, त्याला कमी लेखू नये. पण एका अंतराचे स्पष्ट चित्र डोळ्याच्या पडद्यावर पडते तेव्हा दुसऱ्या अंतराचे पुसट चित्र त्याच्यावर पसरलेले असते. त्यातून रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसतात, मंद उजेडात रंग आणि कडा फिक्या वाटतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत याला सरावतो. थोडे सरावत नाहीत, आणि काहींवर भिंग बदलण्याची वेळ येते.

या दोन टोकांच्या मध्ये ‘एडॉफ’ भिंगे आहेत. ती स्पष्ट दिसण्याचा पट्टा लांबवतात: लांबचे आणि मधले चांगले दिसते, बारीक अक्षराला बहुधा हलका चष्मा लागतो. अलीकडची सुधारित मोनोफोकल भिंगे याच वाटेवर एक पाऊल चालतात. टॉरिक भिंग तिरका नंबर घालवण्यासाठी असते. ते ठरलेल्या अक्षावरच बसावे लागते. एक अंश फिरले तर त्याचा सुमारे तीन टक्के परिणाम वाया जातो. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ‘घडीचे’ म्हणजे लहान छेदातून घडी करून आत सोडता येणारे. त्याने जखम लहान राहते आणि तिरका नंबर कमी येतो, पण घडीचे आहे म्हणून जवळचे दिसेल असे मुळीच नाही.

डोळ्याचा आराम हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो आपल्या गावांत वेगळ्या रीतीने कसोटीला लागतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज अनेकदा रात्री येते. शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, बांधावरून चालतो, पायाखाली साप आहे की दोरी हे त्याला अंधुक उजेडात ओळखावे लागते. लातूर रोड स्टेशनवरून उशिराची गाडी उतरून मोटारसायकलने घरी जाणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरच्या ट्रकचे दिवे येतात. अशा माणसाला दिव्यांभोवतीची वलये आणि कमी उजेडातला फिकेपणा किती महाग पडेल, हे शहरातल्या कार्यालयात बसून काम करणाऱ्याला जाणवणार नाही. उलट ज्या बाईचे सारे काम घरात आणि दिवसाउजेडी चालते, जिला वारंवार चष्मा शोधण्याचा खरोखर जाच होतो, तिला मल्टिफोकल उत्तम ठरू शकते. एकाच घरातल्या नवरा-बायकोसाठी दोन वेगळी भिंगे योग्य असू शकतात.

आरामात आणखीही बऱ्याच गोष्टी येतात. उन्हाने आणि धुळीने डोळे कोरडे पडलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर काही काळ कोरडेपणा वाढतो, टोचते, आणि वाचताना अक्षर मध्येच पुसट होते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याला मोठा नंबर असला तर दोन्ही चित्रे जुळत नाहीत, डोके जड होते. काहींना सुरुवातीला कानाकडच्या बाजूला काळसर चंद्रकोर दिसते. ती बहुधा हळूहळू जाणवेनाशी होते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची पिशवी धूसर झाली तर ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हणतात. तो परत येत नसतो. पिशवीच्या त्या पडदीला लेझरने छिद्र पाडले की पुन्हा स्वच्छ दिसते. मल्टिफोकल असलेल्याला हा धूसरपणा लवकर जाणवतो, पण भिंग बदलायचा विचार असेल तर लेझरची घाई करू नये, कारण पिशवी फुटल्यावर भिंग काढणे अवघड होते.

काही डोळ्यांसाठी प्रकाश वाटणारे भिंग सहसा टाळावे. मधुमेहाने पडदा खराब झालेला, पडद्याच्या मध्यबिंदूची झीज झालेली, काचबिंदूने नस दुबळी केलेली अशा डोळ्यांना मुळात मिळणारा प्रकाशच पुरत नाही. बुबुळावर डाग किंवा वेडावाकडा आकार असेल तरी हेच लागू. उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारे मांस तिरका नंबर आणते आणि भिंगाचे मापही बिघडवते. त्याचा विचार आधी व्हावा. मापाविषयी तर जितके सांगावे तितके थोडे. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. म्हणजे महागड्या भिंगाचे सारे देणे एका मिलिमीटरात बुडते. भिंगावर खर्च करण्याआधी मोजमाप नीट झाले आहे याची खात्री करावी, शंका असेल तर पुन्हा मोजायला सांगावे.

हे सगळे वाचून साध्या भिंगाच्या वाट्याला आलेल्या माणसाने मन खट्टू करू नये. जवळचा चष्मा ही स्वस्त आणि फार मोठी गोष्ट आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. जवळचा चष्मा दिलेल्यांनी चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक पाने खुडली. बांगलादेशातल्या २०२४च्या अभ्यासात असा चष्मा मिळालेल्यांची कमाई सुमारे एक तृतीयांशाने वाढली. हे अभ्यास मोतीबिंदूच्या रुग्णांवरचे नव्हते, पण जवळची नजर हे हौसेचे नव्हे, पोटापाण्याचे काम आहे, हे त्यांनी दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख लोक या साध्या चष्म्यावाचून अडलेले आहेत. शस्त्रक्रियेनंतर लांबचे दिसू लागलेला, पण जवळचा चष्मा कधीच न मिळालेला माणूसही तसाच अडलेला असतो.

पुढची प्रकरणे अशा क्रमाने जातात: आधी डोळा आणि माप, मग एकेक भिंग, मग शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि शेवटी चष्मा. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. वाचकाने आपली माहिती घेऊन त्यांच्यासमोर बसावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे. जाण्याआधी घरात बसून ठरवा: मी दिवसभर काय करतो, ते डोळ्यांपासून किती वितींवर असते, रात्री बाहेर पडावे लागते का, गाडी चालवतो का, आज चष्मा काढून मला काय दिसते, चष्म्याचा मला खरेच त्रास आहे का. डॉक्टरांना विचारा: माझा पडदा आणि नस ठीक आहे का, हे भिंग कोणत्या अंतरासाठी बसवणार, कोणत्या कामाला तरीही चष्मा लागेल, रात्री काय जाणवेल. मुलांनी हे प्रश्न आई-वडिलांच्या वतीने नव्हे, त्यांना विचारून मांडावेत. डोळे त्यांचे आहेत, काम त्यांचे आहे.

रुग्णालयांना, शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना आणि त्यांना पैसा देणाऱ्या दात्यांना माझी एक कळकळीची मागणी आहे. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्याने डोळा स्थिरावला की रुग्णाच्या हातात जवळचा तक्ता द्या. वाचता येत नसेल तर सुई-दोरा द्या, मूठभर डाळ द्या. ४० सेंटीमीटरवर त्याला काय दिसते ते लांबच्या नजरेशेजारी लिहा, आणि चष्मा लागत असेल तर तो त्याच दिवशी द्या. शिबिराच्या खर्चात भिंगाइतकीच या चष्म्याची तरतूद हवी. ही तपासणी होऊन चष्मा हाती पडेपर्यंत शस्त्रक्रिया पूर्ण झाली असे कोणी म्हणू नये.